वृक्ष क्र. ४७ वरील पाटी काढण्याबाबत

प्रति,
मा. वृक्ष अधिकारी,
उद्यान विभाग.

विषय : नोंदणी कार्यालयाच्या आवारातील वृक्ष क्र. ४७ वरील पाटी तातडीने काढणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

मी बावीस वर्षे सदर झाडाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो. स्वतःसाठी लिहायची पाळी यंदाच आली.

१) हे झाड कोणाच्या अध्यात ना मध्यात होते. मार्चमध्ये आपल्या खात्याने त्यावर पाटी ठोकली : 'दुर्मिळ औषधी वृक्ष. मधुमेह व सांधेदुखीवर साल उपयोगी पडते का, याचे संशोधन सुरू. साल काढू नये.' लोकांनी मधुमेह आणि सांधेदुखी एवढेच वाचले व दुसऱ्या दिवशी चाकू घेऊन आले.

२) मी 'साल विषारी आहे' असा कागद टाइप करून पाटीवर चिकटवला. तर हा बाबा सगळी साल एकट्यासाठी राखून ठेवतोय, असा बोभाटा झाला व गर्दी दुप्पट झाली. शासकीय पाटी झाकल्याबद्दल आपली नोटीस मात्र तीन दिवसांत आली.

३) आपण कळवले आहे की पाटी झाडाच्या नावे नोंदलेली असल्याने झाड हयात असेपर्यंत काढता येत नाही. आता फार थांबावे लागणार नाही.

४) मंगळवारी आपल्याच खात्याचे वरिष्ठ लिपिक सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी साल घेऊन गेले. कुंपणच शेत खाते हे ऐकून होतो, पण या कुंपणाने पिशवीसुद्धा माझ्याकडेच मागितली.

५) माळीमामा सांगतात, खोडाभोवतीची सगळी साल गेली की झाड मेलेच, वीतभर पट्टी वरपासून खालपर्यंत शाबूत राहिली तर तगेल. अशी एकच पट्टी उरली आहे. गेले नऊ दिवस फाटक उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंत मी तिला पाठ लावून उभा आहे. जेवणही उभ्यानेच. टाइपरायटरपर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून हा अर्ज हस्तलिखित आहे. अक्षराबद्दल क्षमस्व.

महोदय, भीक नको पण कुत्रा आवरा, अशी माझी गत झाली आहे. सावली मला दुसरीकडेही मिळेल. पण याच झाडाखाली बसून मी मुलीला वाढवले, शिकवले. त्याला डोळ्यांदेखत सोलताना बघवत नाही. रडू येते.

तरी पाटी काढावी. गुरुवारी मुलीचे लग्न आहे. तोवर पाटी निघत नसल्यास त्या दिवसापुरता पाठ लावून उभा राहील असा एक कर्मचारी द्यावा, अंगाने रुंद असल्यास बरे. तेही जमत नसेल, तर लग्न आवारातच लावण्यास परवानगी मिळावी. मुलगी हो म्हणाली आहे. आशीर्वाद मी जागेवरूनच देईन.

आपला,
अर्जलेखक
(वृक्ष क्र. ४७ खालील टेबल)
दि. ११ जून