अकराव्या डब्याचं झाकण

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं वाटलं नाही, कारण तुम्हाला वाचता येत होते ते आकडे तेवढे, आणि माझं लिहिणं चौथीपर्यंतचं. पण बडनेऱ्याच्या त्या रविवारचं तुम्हाला सांगायचं राहिलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हातातलं काम पुढं जात नाही.

काम म्हणजे इथल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यातलं नाही. भट्टी कोणासाठी थांबत नाही. मी एक चित्रांचं पुस्तक करतो आहे, आमच्या कामगारांच्या लाइनीतल्या लहान पोरांसाठी. पुठ्ठ्याची सात पानं. पहिल्यावर सरकी, मग पऱ्हाटीचं झाड, मग फुटलेलं बोंड, मग सूत, मग सदरा, मग त्याच सदऱ्याचं फडकं, आणि सातव्या पानावर त्या फडक्याच्या वातीची राख. प्रत्येक चित्राखाली एकच ओळ : आता कापूस कुठं आहे? खोलीतला माझा सोबती रायपूरकडचा. तो म्हणतो, "अबे मराठे, बच्चों को राख दिखाएगा? आखिर में फूल बना दे. रोएँगे साले." मी म्हणालो, "रोने दे." म्हणालो खरा, पण महिना झाला, सातवं पान कोरंच आहे.

हा प्रश्न माझा नाही, तुमचा आहे. थेटरात तुमच्या मशीनवर पिक्चरची पट्टी तुटली की तुम्ही ती जोडायचे आणि उरलेला तुकडा मला आणून द्यायचे. मी तो अंगणात उन्हासमोर धरायचो. एकाखाली एक आठ चित्रं, आठही सारखी, माणूस पाय उचलून उभा. मी विचारलं, "बाबा, याच्यात तं कोणीच चालून नाही राहिलं. मंग पडद्यावर चालते कोण?" तुम्ही विडी विझवून, माझ्या डोळ्याकडं बोट करून म्हणालात, "तुया डोया चालते." आपण दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. विहारात भंतेजी सांगायचे, क्षणाक्षणाला सगळं बदलतं, कालचा दिवा आजचा नाही. बायकांना ते समजेना, तेव्हा तुम्ही खिशातून पट्टी काढून आईच्या हातात दिली. "हे पाय, वच्छला. इथली बाई वेगळी, अन् तिथली वेगळी. मधात काळी रेघ आहे. आपुन म्हणतो एकच बाई." आई म्हणाली, "मंग म्या भाकर कोण्या नवऱ्याले वाढू, वरच्याले का खालच्याले?" सगळं विहार हसलं. तुम्ही सगळ्यात जास्त.

त्याच उन्हाळ्यात आई गेली. शाळा तर सुटलीच होती, तुम्ही मला थेटरच्या सायकलवर, रिळांचे डबे न्यायला घेतलं. एकच पिक्चर अमरावतीत आणि बडनेऱ्यात लागायचा. अमरावतीत रीळ उतरलं की डबा पोत्यात घालून मी बडनेऱ्याला पळवायचो, तिथं पत्र्याच्या थेटरात तुम्ही मशीनवर. दोन-दोन डबे एका खेपेत. त्या आठवड्यातला पिक्चर मी अमरावतीला दारातून तुकड्यातुकड्यानं पाहिला होता. दहाव्या रिळात त्यातली आई चुलीपाशी बसून पोराला वाढते, हसते. अकराव्यात ती मरते, चिता पेटते. बाराव्यात पोरगा शहरात.

त्या रविवारी दुपारी फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत मी सायकल टेकवून उभा होतो. पोत्यातून दोन्ही डबे काढले आणि झाकणं बदलली. दहाचं अकरावर, अकराचं दहावर. कोणी विचारलं असतं काहून, तर सांगता आलं नसतं. एवढंच डोक्यात होतं, की चितेनंतर ती उठली पाहिजे.

ती उठली. थेटरात आरडाओरडा झाला. "अबे, माय जित्ती झाली!" "ऑपरेटर झोपला काय बे!" शिट्ट्या, खुर्च्यांची आपटाआपट, आणि बायकांच्या बाजूनं एक बाई सारखी ओरडत होती, "राहू द्या ना! राहू द्या तसंच!" खेळ सुटल्यावर मॅनेजरनं तुम्हाला सगळ्यांपुढं विचारलं, "पिऊन आला का?" तुम्ही आयुष्यात थेंब घेतला नव्हता. तुम्ही म्हणालात, "माही चूक झाली, साहेब." दुसऱ्या दिवसापासून मशीन सुटलं. मग मूर्तिजापूरची जिनिंग, छातीत कापसाची धूळ, तो खोकला, आणि दोन वर्षांत तुम्ही.

मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, की माझ्या झाकणानं तुम्ही फसलात. मागच्या महिन्यात इथं मैदानात कामगारांना पिक्चर दाखवला, मशीनवाल्याला मदत करायला मी गेलो. त्यानं डबा उघडला, झाकणाकडं बघितलंही नाही. रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर आकडा कोरलेला असतो, तो उजेडात धरून वाचला आणि मग रीळ चढवलं. म्हणाला, झाकणावर कोण भरवसा ठेवतो? बाबा, तुम्हाला आकडे वाचता येत होते. बारा वर्षं तुम्ही तो आकडा वाचत आलात. म्हणजे त्या दिवशीही वाचला. वाचूनही चितेचं रीळ आधी लावलं.

आता कळतं, त्या रात्री परत येताना कॅरिअरवर बसून तुम्ही पाठीमागून काय विचारलं ते. "पायलं ना?" मी म्हणालो, "हो." "मंग झालं. आता सडकेकडं पाय, नाही तं मले टाकशीन खड्ड्यात."

पुस्तकाचं मी ठरवलं आहे. सातव्या पानावर राखच काढणार, फूल नाही. प्रत्येक पानावर आकडा खरा घालणार. पण पानं शिवणार नाही, मोकळी ठेवणार. ज्या पोराला राखेनंतर बोंड पाहायचं असेल त्यानं खुशाल पाहावं, आकडा त्याला खरं काय ते सांगेलच. सोबती म्हणतो, पानं हरवतील. हरवू देत, पुन्हा काढीन.

हा कागद टपालात टाकायचा नाही, त्याच पुठ्ठ्यांच्या खाली ठेवतो. फक्त एक राहिलं. तो "हो" खोटा होता, बाबा. लोक ओरडायला लागले तेव्हा मी घाबरून बाहेर पळालो, आणि ती उठली ती सगळी दहा मिनिटं सायकलस्टँडमागं डोळे मिटून उभा होतो. मी ते पाहिलंच नाही. या रविवारी पोरांमध्ये बसून सातही पानं पाहणार आहे, डोळे उघडे ठेवून.