झाकलेल्या काचा

प्रिय चिमणे,

रेडिओवर आमच्या किनाऱ्याचं नाव ऐकल्यापासून तुझा जीव टांगणीला लागला असेल, म्हणून आधी तेच लिहिते. आम्ही दोघंही धडधाकट आहोत. घर उभं आहे. पडवीचे पत्रे उडाले, मागची भिंत पाणी पिऊन फुगली, आणि फोनच्या तारा अजून रस्त्यात लोळताहेत. पोस्टाची गाडी मात्र कालपासून यायला लागली आहे, म्हणून हे पत्र. चष्मा लावून, निवांत बसून वाच. एका घोटात संपणारं नाही.

वादळ येणार ही बातमी आठवड्याच्या सुरुवातीलाच आली होती. समुद्र तर थाळीत ओतलेल्या तेलासारखा गप्प, त्यामुळे निम्म्या लोकांचा विश्वासच बसेना. मग भोंगा लावलेली गाडी गल्लोगल्ली फिरायला लागली, बंदरातल्या होड्या ओढून बाजाराच्या मैदानात आणल्या, तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानांतून मेणबत्त्या गेल्या, दोरखंड गेले, शेवटी साधे खिळे मिळेनात. मीही पदर खोचला. होतं नव्हतं ते प्रत्येक भांडं पाण्याने भरलं, गाद्या कपाटावर चढवल्या, तुझ्या दादाच्या गोळ्या दोन डब्यांत वाटून ठेवल्या, म्हणजे एक हरवला तर दुसरा असावा. खिडक्यांचं काम मात्र माझ्या हातचं नव्हतं. ते समोरच्या सुतारभाऊंनी अंगावर घेतलं.

सुतारभाऊ तुला आठवत असतील. उभी हयात ते चौकटी करत आले आणि तुझा दादा त्यांत काचा बसवत आला. बायको गेल्यापासून एकटेच असायचे. संध्याकाळी येऊन तुझ्या दादाजवळ बसायचे, तो बोलला तर बोलायचे, नाही तर तेही गप्प. आमच्या पोटी मूल नाही, पण या माणसामुळे अडल्यानडल्याला हाक मारायला कोणी नाही असं मला कधी वाटलं नाही. त्यांनी प्लायचे तक्ते कापून आणले आणि एकूण एक खिडकीवर स्क्रूने घट्ट बसवले.

दुपारी मी जरा पाठ टेकली. उठते तर घरभर लख्ख उजेड! तुझ्या दादाने सगळे तक्ते उतरवून भिंतीला नीट टेकवून ठेवलेले, स्क्रू एका वाटीत जमवलेले, आणि स्वतः ओल्या फडक्याने काचा पुसत उभा. मला म्हणाला, "काय माणसं आहेत! चांगल्या काचेवर कोणी लाकूड मारतं का?" चिमणे, त्याच सकाळी मला त्याला दात घासायचा ब्रश हातात कसा धरायचा ते दाखवावं लागलं होतं. आणि त्या वाटीतला एकही स्क्रू वाकडा झालेला नव्हता. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

सुतारभाऊ मात्र मनापासून हसले. "वहिनी, गडी अजून कामाचा आहे," म्हणाले आणि तक्ते परत बसवून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या खेपेला ते हसले नाहीत. कुठून तरी लांब खिळे पैदा केले आणि बाहेरून ठोकले. मी पेचकस, पक्कड, हातोडी, काच कापायची हिरकणीसुद्धा, सगळं गोळा करून त्यांच्या हवाली केलं. घरात मिट्ट काळोख झाला. तुझा दादा या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत जायचा, चौकटीवरून बोटं फिरवायचा आणि हुंदके द्यायचा. "सकाळ का होत नाही?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारायचा. मी दिवा लावला तर म्हणाला, "हा नको. तो." तो म्हणजे कुठला, ते मला कळत होतं, पण देता येत नव्हता.

त्याच्या विसरण्याचं तुला नवीन नाही, पण ते इतकं पुढे गेलंय हे माहीत नसेल. मागच्या वेळी तू आलीस तेव्हा तुला दारात बघून त्याने मला विचारलं होतं, "या बाईंना काय हवंय?" तू हसण्यावारी नेलंस. जेवलीस, चार गोष्टी केल्यास, आणि बसस्टॉपवर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. त्यानंतर आली नाहीस. मी कधी का म्हणून विचारलं नाही, आताही विचारत नाही. ज्या नजरेत आपण लहानाच्या मोठ्या झालो तिच्यातूनच पुसलं जाणं काय असतं, हे मला कोणी समजवायला नको.

वादळाच्या सकाळी आम्हा सगळ्यांना टेकडीवरच्या शाळेत हलवलं. बाकं भिंतीला लावून सतरंज्या टाकल्या होत्या. आम्हाला फळ्याखालचा कोपरा मिळाला. दुपारीच दिवेलागणीसारखं अंधारून आलं आणि वारा सुटला. कसा होता ते सांगता येत नाही. नुसता आवाज असता तर कान झाकले असते, पण तो छातीवर येऊन बसला होता. शेजारच्या वर्गातली काच खळकन फुटली तसा तुझा दादा ताडकन उठला. "माझं सामान कुठे आहे? मी जाऊन येतो," म्हणत दाराकडे धावला. सुतारभाऊंनी आणि आणखी एकाने त्याला धरून परत आणलं. खाली बसला, माझा हात मुठीत घट्ट आवळला आणि म्हणाला, "चिमे, घाबरू नकोस. मी आहे ना."

मला वाटलं, वाऱ्यात माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण नाही. त्याने तुझ्या नावाने मला पुन्हा हाक मारली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग मी तूच होऊन बसले. काय करणार? शेजारच्यांच्या कुत्र्याने तुझी नवी चप्पल पळवली ती गोष्ट त्याने मला सांगितली, आईला सांगायचं नाही अशी शपथ घातली, पावसात भिजलीस म्हणून रागावला. त्या आवाजात तो शांत होता, चिमणे. सगळा वर्ग रडत होता, देवाचा धावा करत होता, आणि तुझा दादा आपल्या धाकट्या बहिणीला धीर देत होता.

बाहेर काहीतरी मोठं कोसळलं, झाड की भिंत कोण जाणे. बायका किंचाळल्या. आणि हा माझ्या कानाशी वाकला आणि लाजत लाजत म्हणाला, "चिमे, तुझी ती मैत्रीण आहे ना, लांब वेणीवाली? तिला विचारशील का? माझं नाव नको घेऊस. नुसतं विचार, की काचा बसवणारा नवरा चालेल का तिला." लबाडे, तू तेव्हा मला हे असं विचारलंच नव्हतंस. तू येऊन म्हणाली होतीस, "दादाला तू आवडतेस, आता नाही म्हणून दाखव!" त्याचे खरे शब्द मला आत्ता, केस पांढरे होऊन विरळ झाल्यावर, दुसरीच्या नावाने ऐकायला मिळाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाली उतरलो. गावभर काचांचा आणि पत्र्यांचा खच. सुतारभाऊंच्या घराचं छप्परच राहिलं नव्हतं. आमच्या खिडक्या पुन्हा पुन्हा ठोकण्यात त्यांचा वेळ गेला आणि स्वतःचं आवरायचं राहून गेलं. मी काही बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. ते छप्परही माझ्यासारखंच म्हातारं झालं होतं." परवा त्यांची लेक येऊन त्यांना कायमचं घेऊन गेली. जाण्याआधी त्यांनी आमचे सगळे तक्ते उतरवून दिले. निघताना तुझ्या दादाला मिठी मारली, तर हा ओळख नसलेल्या माणसासारखा हात बाजूला धरून उभा राहिला. आता समोरच्या दाराला कुलूप आहे आणि वर नुसतं आभाळ.

हे सगळं पोस्टकार्डावर चार ओळींतही कळवता आलं असतं. लांबण लावली ती एका मागण्यासाठी. वादळ गेलं, पण तू काही त्याच्या मनातून गेली नाहीस. रोज सकाळी मी चहा दिला की इकडेतिकडे बघून हळूच विचारतो, "चिमे, काय म्हणाली ती?" पहिल्या दिवशी मी सांगून पाहिलं, अहो, मीच ती. तो इतका दचकला, इतका शरमला, की दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसला. तेव्हापासून मी म्हणते, "हो म्हणाली, दादा." मग त्याचा चेहरा असा काही फुलतो! पण तो फुललेला चेहरा रस्त्याकडे लागलेला असतो, ती येईल म्हणून. मी शेजारीच असते. नवऱ्याला दादा म्हणताना जीभ जड होते गं. तू ये. तो तुला ओळखेल असं वचन मी देत नाही. पुन्हा विचारेलही, या बाईंना काय हवंय. पण माझा निरोप त्याला पोचवणं हे तुझं काम आहे, ते मला एकटीला जमत नाही. माझा हात धर, मला त्याच्यासमोर उभी कर आणि सांग, "दादा, ही बघ, हिला घेऊन आले." जुनी ओळख मी मागत नाही. त्याने मला पहिल्यांदा भेटावं, एवढंच. लवकर ये.

तुझीच,
जिला तू जन्मात कधी वहिनी म्हटलं नाहीस ती