अस्सल ट्रायलोबाइटची पारख

शुक्रवार, ६ ऑक्टोबर १९९५

झोयाच्या शाळेत पुढच्या महिन्यात सायन्स एक्झिबिशन. तिला ट्रायलोबाइट हवा आहे. म्हणजे डायनासोरच्याही फार आधी समुद्रतळाशी रांगणारा, आता दगड झालेला जीव. अट एकच: रिअल वन, अब्बा. परीक्षक म्हणून एक जिऑलॉजिस्ट येणार आहेत.

म्हटलं, खरेदी माझ्यावर सोड. मी बी.एस्सी. आहे (केमिस्ट्री, पण दगड म्हणजेही केमिस्ट्रीच). इथे बहारीनमध्ये, सित्र्याला कंपनीच्या स्टोअरमध्ये आलेला माल तपासणं हेच माझं काम. तडा गेलेला व्हॉल्व्ह माझ्या हातून कधी पास झालेला नाही.

झोयाच्या अम्मीने, नसीमाने, चित्र पाहिलं. म्हणाली, हे तर झुरळ. घरातली मारायला स्प्रे आणायचा नि बाहेरची पैसे मोजून आणायची?

मंगळवार, १० ऑक्टोबर

पुस्तक आणलं. बाजारात नकली फार. रेझिनमध्ये दगडाची भुकटी घालून साच्यातून काढतात. काही निम्मे खरे, निम्मे लांबी (पुट्टी) भरून बनवलेले. कोणावरही विश्वास ठेवायचा नाही. पुस्तकाचं पहिलंच प्रकरण वाचलं. पुढचं अनुभवाने कळतं.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

फिलिपकडे गेलो. वसईचा, मनाम्यात हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे. त्याच्या मोरोक्कोच्या सहकाऱ्याने गावाहून एक ट्रायलोबाइट आणून दिलेला. घेतला त्याच भावात द्यायला तयार. नफा नको? का?

दगडाला तडा. तोच तडा प्राण्याच्या अंगावरूनही गेलेला, आणि वर चिकटवलेला. फिलिप आपणहून म्हणाला, ताहिरभाई, हे बघ, हितं जोडलाय. दगड फोडल्याशिवाय आतला गावतच नाय. नि शेपटीचा हा कोपरा लांबीचा हाय. बाकी सगला खरा.

स्वतःच्या मालाचे दोष आपणहून कोण सांगतो? लहान दोष सांगून मोठा लपवतात. नकली भागाचा रंग सुटतो म्हणून नसीमाचं नेलपॉलिश रिमूव्हर खिशात होतंच. शेपटीच्या कोपऱ्यावर कापूस फिरवला. तपकिरी डाग! पकडला. फिलिप म्हणाला, अरे, तेच तर मी सांगतोय.

म्हटलं, विचार करतो.

मी संशयी आहे का? स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नाही. दक्ष आहे.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

सूकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, अत्तर आणि मोत्यांच्या एका दुकानात ट्रे भरून ट्रायलोबाइट! कुठे तडा नाही, कुठे जोड नाही. सगळे एका मापाचे, सगळ्यांचं डोकं किंचित डावीकडे वळलेलं. एका बॅचचा माल, व्हेरिएशन शून्य. असा माल मी स्टोअरमध्ये डोळे मिटून पास करतो. दुकानदाराने दोष म्हणून एक सांगितला नाही. मफी प्रॉब्लेम (काही प्रॉब्लेम नाही), हंड्रेड पर्सेंट, एवढंच.

भाव जरा कमीच वाटला. संशय आला. म्हणून घासाघीस करून आणखी खाली आणला, म्हणजे तो फसवत असला तरी नुकसान त्याचंच.

रिमूव्हर खिशात होतं. दोघांना एकच कसोटी लावायला नको होती का? हवी होती. पण भर दुकानात कापूस काढणं बरं दिसेना.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

झोयाने भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, दुकानात असे अजून होते? अभिमानाने सांगितलं, ट्रे भरून, अगदी हुबेहूब, डोकंही डावीकडेच. ती म्हणाली, ऑल लेफ्ट? मी म्हटलं, ऑल.

मग विचारलं, फिलिप अंकलचा का नाकारलात? तडा, जोड, नफा न घेणं, सगळं मुद्देसूद समजावलं. तिने लिहून घेतलं! मुलगी पहिल्यांदाच माझं बोलणं लिहून घेते आहे. शेवटी म्हणाली, धिस इज परफेक्ट, अब्बा.

नंतर फिलिपला फोन करत होती. त्याचा माल का नापास झाला ते सांगत असणार. बिचारा.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

झोयाच्या खोलीतून प्लास्टिक जळल्याचा वास. नसीमा म्हणाली, पोरगी सुई तापवून तुमच्या झुरळाला टोचत्येय. झोयाला बजावलं, एकदा पास झालेल्या मालाचं पुन्हा टेस्टिंग करत नाहीत. तिने मान डोलावली. चार्ट मात्र दाखवत नाही. सरप्राइज असेल.

गुरुवार, २ नोव्हेंबर

एक्झिबिशन झालं.

टेबलावर दोन ट्रायलोबाइट. फिलिपचा (तो स्वतःच घेऊन आला होता, टेबलाशेजारी उभा), खाली चिठ्ठी: खरा. माझा, खाली चिठ्ठी: साच्यातला. चार्टचं शीर्षक, ग्राहक कसा फसतो. खाली माझीच वाक्यं, माझ्याच क्रमाने, आणि प्रत्येकासमोर तिचं उत्तर. तडा नाही? खरा नमुना दगड फोडूनच निघतो, बहुतेकदा मोडतो, मग जोडतात. सगळे सारखे? दोन जीव इतके सारखे नसतात, साच्यातले असतात. दोष सांगणारा विक्रेता? त्याच्याकडूनच घ्यावा. भिंगातून माझ्या नमुन्यावर, रेझिन ओतताना राहिलेल्या बुडबुड्यांची भोकं स्पष्ट दिसत होती. शाळेतली पोरंही रांगेने येऊन बघत होती.

चार्टवर माझं नाव कुठेच नव्हतं. तेवढं तिने सांभाळलं.

पहिलं बक्षीस. जिऑलॉजिस्ट साहेब फार खूश. हसत विचारलं, बाय द वे, हा उत्तम नकली नमुना कोणी निवडला? झोया माझ्याकडे बघत होती.

मी फिलिपकडे बोट दाखवलं.

फिलिपने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, येस सर, मीच. स्वस्त दिसला नि भुललो. सगळे हसले. झोया हसली नाही. परतताना गाडीत ती पुढे, माझ्या शेजारी बसली नाही. मागे नसीमाजवळ बसली.

फिलिप हो का म्हणाला? यात त्याचा फायदा काय? सगळ्या बाजूंनी तपासतोय. सापडत नाही.