बिघडवून दुरुस्त केलेलं पेडल

बाबा, माझं पेडल तुम्ही बिघडवलंत ते बिघडवलंतच. इतकी वर्षं झाली तरी माझा राग उतरलेला नाही, आणि आज तर तो पुन्हा चांगलाच तापलाय. मराठी लिहायला मला वेळ लागतो, इथे जयपुरात शाळेत हिंदीच झाली. ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नका, आधी ऐकून घ्या.

मी दहावीत होतो. बनी पार्कमधल्या एका मुलाला माझी बॅट आणि पॅड देऊन ते डिस्टॉर्शन पेडल आणलं होतं, काळं, तळहाताएवढं. गिटारची वायर त्यातून अँप्लिफायरला, म्हणजे अँपला न्यायची, पायानं बटन दाबायचं, की साधी तार करवतीसारखी चावायला लागते. हेवी मेटल म्हणजे तोच आवाज. रेल्वे क्वार्टरच्या स्वयंपाकघरातला प्लग तेवढा धड चालायचा, म्हणून तिथेच बसून मी पहिल्यांदा बटन दाबलं आणि तुम्ही हातातला घास ताटात टाकून उठलात. "काऊन रे, हे काय फाटून रायलं? स्पीकर गेला काय?" मी म्हटलं, बाबा, असाच असतो हा आवाज, मतलब मुद्दाम फाडलेला. तुम्ही आईकडे वळलात. "ऐक वं, मुद्दाम फाडते म्हणे. उद्या पँट बी फाडून घालीन!" आईला हसू आवरेना.

तुमचं सगळं आयुष्य खरखर काढण्यात गेलं. रेल्वेत टेलिफोनच्या लाइनी, आणि गणपतीत मराठी मंडळाचा माइक. आरतीत जरा घरघर झाली की तुम्ही हातातला प्रसाद कोणाच्याही हातात कोंबून अँपकडे धावायचात. मग माझं पेडल कसं सुटणार? दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना तुम्ही ते कामावर नेलंत, उघडलंत, आणि संध्याकाळी माझ्या पुढ्यात ठेवलंत. "घे राजा, वाजव. सगळी खरखर काढली." हात मागे बांधून उभे, शाबासकीची वाट बघत. मी बटन दाबलं. आवाज नुसता मोठा झाला, फाटला नाही. भजनाला चालला असता! आवाजाच्या लाटेची टोकं छाटणारे दोन बारके डायोड त्यात असतात, तोच त्या पेडलचा जीव, आणि तुम्ही नेमके तेच उपटलेत. मला विचारलंत? एकदा तरी? मी ओरडलो, तुम्हाला काही कळत नाही. आजही माझं तेच म्हणणं आहे. आणि त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात, भांडण अर्ध्यात टाकून. असं कोणी करतं का?

मी कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलं. काका फोनवर म्हणतात, "बाप असता तर हिंमत झाली नसती." बाप असता तर कॉलेजही उघडून ठेवलं असतं, मला न विचारता! आता मुरलीपुऱ्यात पत्र्याच्या एका शेडमध्ये आमचा बँड तालीम करतो. शेजारी दिवसभर लोखंडी ग्रिल कापतात, त्यामुळे आमच्या आवाजाची तक्रार कोणी करत नाही. बास गिटार वाजवते ती मुलगी इथलीच, जयपूरची. ती मला आवडते. तुम्हाला सांगायला काय जातंय. पाच तारांचा तिचा बास, आणि त्यातली जाड तार आधी छातीत लागते, मग कानात. बासला साधं डिस्टॉर्शन लावलं की ते खालचा सूर खाऊन टाकतं, उरते नुसती माशीची गुणगुण. एकदा तिनं कोपऱ्यात पडलेलं तुमचं ते पेडल लावून बघितलं. त्यातून नुसत्या मोठ्या होऊन आलेल्या आवाजानं तिच्या अँपला असं काही ढकललं की अँप स्वतःच गुरगुरायला लागला, आणि खालचा सूर शाबूत. "अरे, ये किसने बनाया?" मी म्हटलं, बनाया नहीं, बिगाड़ा, मेरे बाबा ने. "तेरे बाबा तो जीनियस थे, यार!" जीनियस! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हापासून ते तिच्याच पायाखाली असतं.

आता तिला बंगळुरूला नोकरी लागलीय, तिथे नवा बँडही ठरलाय. काल तालीम संपल्यावर म्हणाली, "ये मैं ले जाऊँ? तुझे तो वैसे भी इससे चिढ़ है. कल शाम को आती हूँ लेने." मी ऐटीत हो म्हटलं, पेडल घरी आणलं, आणि आज ठरवलं की नवे डायोड लावून ते होतं तसं करायचं. मग ते तिच्या कामाचं नाही, माझ्यापाशीच राहील, आणि ते न्यायला म्हणून आलेली ती चार घटका थांबेल, वाद घालेल.

खालचे स्क्रू काढले. आम्ही ते कायम अडॅप्टरवर चालवलं, त्यामुळे बॅटरीच्या खणात कधी कोणी डोकावलं नव्हतं. तिथे काळ्या टेपची पुडी. तुमची ती खोड मी विसरलोच होतो. पंख्याचा जुना कंडेन्सर पंख्याच्या वाटीत, मिक्सरचे झिजलेले कार्बन त्याच्याच वायरीला दोऱ्यानं बांधलेले. "काढलेला पार्ट मशीनजवळच ठेवा लागते. उद्या कोणाले पाहिजे असला तं?" दोन्ही डायोड होते, पाय सरळ केलेले. मग सांगायचं होतं ना, बाबा! मी ओरडलो तेव्हा तरी म्हणायचं होतं, की चूप बस, आतच आहेत.

सोल्डरिंग आयर्न तापलं, तुमच्या शर्टाला यायचा तोच वास सुटला. आणि लक्षात आलं, जे ती आवडीनं वाजवते ते तिला न विचारता उघडून, दुरुस्त करायला बसलेला, तुमच्यानंतर हा दुसरा. मी प्लग उपटला. पुडी होती तिथे ठेवली. हा कागदही घडी करून सोबत घालून बघितला, पण झाकण बसेना, म्हणून पुन्हा उलगडून एवढं शेवटचं लिहितोय. खाली तिच्या स्कूटीचा हॉर्न वाजतोय. तिला आज सांगणार आहे की बासवरचा तो आवाज मला पहिल्या दिवसापासून आवडतो. तिला सांगीन. तुम्हाला नाही.