चिरंजीवाचा ताण आणि माझे उपाय

५ नोव्हेंबर, मंगळवार
चिरंजीवाला लोणखेड्याच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं. पाऊण तास रडला. तिथल्या नर्स कामिनीताईंनी सुईच्या आधी आणि नंतर कापसाचा बोळा त्याच्या तोंडात फिरवला. थुंकी तपासायला पाठवतात, तिच्यावरून अंगातला ताण कळतो म्हणे. साडेतीन महिन्यांच्या पोराला कसला ताण? लाइट आली की मोटर चालू करायला तो पळतो का?

मग ताईंनी मयूरीला दोन प्रश्न विचारले आणि ही एकदम रडायलाच लागली. पोराला घेतलं तरी काही वाटत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, असं सांगत होती. लोकांसमोर. ताई म्हणाल्या, बाळंतपणानंतर होणारा आजार आहे, बरा होतो. डॉक्टर गोळी देतील, अंगावर पाजताना चालेल अशीच. दर मंगळवारी बोलायला आणा. आईला बरं वाटलं की बाळाचाही ताण उतरतो.

आणतो म्हटलं. हेमकांतचा शब्द म्हणजे शब्द.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
केळीची गाडी लागली. व्यापारी नेमका आजच आला. माझा इलाज नव्हता. पुढचा मंगळवार फिक्स.

१४ नोव्हेंबर
ताईंचा फोन. चिरंजीवाचा ताण बराच जास्त निघाला. सुई झाली तरी खाली उतरायला तयार नाही. गोळ्या सुरू केल्या का, विचारत होत्या. रेंज नव्हती, नीट ऐकू आलं नाही.

विचार केला. ताण कोणाचा? पोराचा. मग उपाय कोणावर? पोरावर. मयूरीला काय झालंय, दोन टाइम आयतं जेवण मिळतंय. टाइमटेबल करून भिंतीला लावलं. सहाला मालिश, सातला कोवळं ऊन, आठला मोबाइलवर बासरी. मयूरीने एकदा बघितलं आणि कूस बदलली. कौतुकाचा एक शब्द नाही.

१५ नोव्हेंबर
मालिश झाली नाही. मला जाग आली नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
प्रकाशा गावी आतेभावाच्या मुलाचं लग्न. मयूरी नको म्हणाली. चिरंजीवाला मी आणि आईने नेलं. माणसांत राहिला की मन रमतं. बँड सुरू झाला आणि त्याने जो सूर लावला, तो घरी येईपर्यंत. आई म्हणाली, तुला अक्कल आहे का. बँडवालाच बेकार होता.

२४ नोव्हेंबर
राजेंद्र शेजारचाच, पण केळीतलं त्याला काही कळत नाही. त्याच्या झाडांच्या बुडाला फुटलेली पिलं पिवळी पडलीत आणि हा शहाणा पिलांच्या बुडाशी चमच्याने खत टाकतोय. मी त्याला झाडला. म्हटलं, पील अजून मोठ्या झाडाच्या जिवावर आहे, त्याला वेगळं काय चारतोस? मोठं झाड बघ आधी. ते सावरलं की पील आपोआप उभं राहतं. त्याने चमचा खाली ठेवला. मग म्हणे, वहिनीले दवाखानामा लई जाय ना भाऊ. विषय केळीचा, आणि हा मयूरीला दवाखान्यात न्यायचं काय काढतो.

२ डिसेंबर
ऑनलाइन पाळणा आला. सेन्सरचा. रडण्याच्या आवाजाने आपोआप हलतो. मी फोनवर बोललो तरी हलतो. दुपारी बैठकीत व्यापाऱ्याशी भावावरून वाजलं तेव्हा इतका हलला की चिरंजीव घाबरून जागा झाला. सेटिंग करावं लागेल.

३ डिसेंबर, मंगळवार
सेटिंग करण्यात दुपार गेली. पुढचा मंगळवार नक्की.

५ डिसेंबर
शेतातून आलो तर पोर पाळण्यात रडून रडून लाल झालेलं आणि मयूरी हाताच्या अंतरावर बसलेली. बघतेय, उठत नाही. आई देवळात गेली होती. मी ओरडलो. मयूरी म्हणाली, ऐकू येतंय, पण हात उचलत नाहीत. माझ्यापेक्षा दुसरी आई आणा त्याला. पोराला मी घेतलं तर ते माझ्याकडेही बघेना, भिंतीकडे बघत राहिलं.

मला फार भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

१० डिसेंबर, मंगळवार
आज नेणारच होतो. फक्त ठिबकची नळी फुटली म्हणून तासभर शेतात गेलो. परत आलो तर घर रिकामं. राजेंद्रची बायको रिना मयूरीला आणि बाळाला स्कूटीवर घेऊन गेली होती. आईनेच बोलावलं म्हणे. मला विचारायचं तरी. एक नळी जोडेपर्यंत थांबवलं नाही कोणाला.

२१ जानेवारी, मंगळवार
सहा आठवडे झाले, मयूरी आणि रिना दर मंगळवारी स्वतःच दवाखान्यात जातात. गोळी चालू आहे. मयूरी आज वेणी घालून, चहा घेऊन ओट्यावर बसली होती. चिरंजीव तिचं नाक धरून खिदळत होता. टाइमटेबलचा परिणाम दिसायला लागला. मला खात्री होतीच.

२९ एप्रिल, मंगळवार
नऊ महिन्यांचं इंजेक्शन. मुद्दाम गेलो. उपाय लोकांपर्यंत पोचायला पाहिजेत. सुई टोचली, चिरंजीव ओरडला, मयूरीच्या गळ्यात तोंड खुपसलं आणि गप्प. पुन्हा कापसाचा बोळा. मी ताईंना बासरीबद्दल सांगत होतो, त्या हो हो म्हणत मयूरीशीच बोलत होत्या.

६ मे, मंगळवार
ताईंचा फोन. ताण छान उतरला. मी विचारलं, नेमका कशाने? मालिश, पाळणा की बासरी? त्या म्हणाल्या, मयूरीला बरं वाटलं म्हणून. म्हटलं ते आहेच, पण माझ्याकडून किती? ताई म्हणाल्या, भाऊ, तुम्ही त्याच्याजवळ बसता का?

फोन ठेवून चिरंजीवाला घ्यायला गेलो. मला बघून तो रडायला लागला. मयूरी म्हणाली, त्याला काही करू नका, नुसते बसा. उद्यापासून बसतो म्हटलं. ती म्हणाली, उद्या नाही, आत्ता.

बसलो. तो तिची ओढणी मुठीत धरून माझ्याकडे बघत राहिला, दारात आलेल्या परक्या माणसाकडे बघतात तसा. मला रडू आलं. मयूरीने विचारलं, काय होतंय तुम्हाला?

केळीच्या गाडीचं टेन्शन आहे, म्हटलं.