पद्माला बोलावणं

निशी-कसाई, तोक्यो
२५ मे २०२५

चि. पद्मा हिस,

अनेक आशीर्वाद. तू पन्नाशीला आलीस तरी मी आशीर्वादच देणार. वय सोडलं तर तुझ्यापेक्षा जास्त असं माझ्याकडे दुसरं काय आहे?

आम्ही तिघंही बरे आहोत. सदानंदचं ऑफिस आता आठवड्यातले तीन दिवस घरूनच असतं, म्हणजे तीन दिवस नवरा घरात आणि मला दुपारचा स्वयंपाक चुकत नाही. तुझी भाची सलोनी, तिच्याशी मराठीत बोललं की जपानीत उत्तर देते, आणि रागावलं की उत्तरच देत नाही. तुझी तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात?

फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर तू दोन मिनिटांत मुख्याध्यापिका होतेस आणि मी पालक होऊन समोर बसते. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

परवाच्या व्हिडिओ कॉलबद्दल समितीनं तुझे आभार मानायला सांगितलंय. मानले. तू घाईत होतीस, म्हणून आमच्या शाळेचं सगळं नीट सांगते. आमच्या मागच्या गल्लीतली प्राथमिक शाळा मुलं कमी झाली म्हणून बंद पडली. इमारत धडधाकट आहे, आवारात चेरीची झाडं आहेत, पोहण्याचा तलावसुद्धा आहे. वॉर्ड ऑफिसनं ती जागा शाळेसाठीच द्यायची असं ठरवून संस्थांकडून अर्ज मागवलेत. आपली मुलं आणि इथली जपानी मुलं एका वर्गात बसतील अशी शाळा हवी, हे मी दोन वर्षं सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडत होते. शेवटी केदारनं मनावर घेतलं आणि पालकांची समिती केली. केदार बँकांची सॉफ्टवेअरं करतो, त्याची मुलगी सहा वर्षांची आहे. अर्ज जुलैअखेर द्यायचा. नकाशे, अंदाजपत्रक, अभ्यासक्रम, शेजाऱ्यांची संमती, बहुतेक सगळं होत आलंय. मुख्याध्यापक कोण, तेवढं ठरायचंय.

तर तुझा कॉल. तू अर्ध्या तासात अर्ज वाचलास आणि म्हणालीस, "पालकांना काय हवं ते सगळं यात आहे. मूल सकाळी नऊ वाजता वर्गात शिरलं की काय करतं, ते कुठेच नाही." केदारनं ते वाक्य तिथल्या तिथे टाइप करून घेतलं. आता तेच अर्जाचं पहिलं वाक्य आहे.

पद्मा, हेच मी गेल्या ऑक्टोबरपासून सांगत होते. आमच्याच घरी, ह्याच टेबलाशी. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि थालीपीठ फार खुसखुशीत झालंय म्हणाले.

असो. इथे आता पावसाळी दमट हवा सुरू होईल. भिंतींना बुरशी येते, चपला हिरव्या पडतात. त्यात भूकंप. गेल्या आठवड्यातच कपाटातल्या बरण्या खडखडल्या. स्टेशनचे जिने चढताना माझीच दमछाक होते, तुझ्या गुडघ्यांना तर अजिबात झेपायचे नाहीत. कचऱ्याचे इतके प्रकार वेगळे करावे लागतात की नवीन माणूस रडकुंडीला येतो. तुला काही इथे यायचं नाहीच म्हणा, सहज लिहिलं.

केदारनं तुला एक विचारायला सांगितलं होतं. पुढच्या पत्रात लिहीन, आत्ता कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

तुझी,
कुमुदताई


निशी-कसाई
२२ जून

चि. पद्मा,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं तुझं अक्षर अजून फळ्यावर लिहिल्यासारखं ठसठशीत आहे. सदानंदनं ते फ्रिजवर लावलं, "बघ, कसं वळणदार" म्हणाला. मी काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

तुझे गुडघे उत्तम आहेत आणि तू गेल्या महिन्यात सिंहगड चढून आलीस, हे वाचून आनंद झाला. बुरशीला लवंगेचं तेल लावायचं, हेही कळलं. पण पत्राच्या शेवटी तू सहज म्हणून जे लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. एप्रिलमध्ये राजीनामा दिलास? नव्या मॅनेजमेंटला मुलांपेक्षा ब्रोशरची काळजी, म्हणून? आणि मला आत्ता सांगतेस? "सध्या मोकळीच आहे, तुझ्याकडे दोन महिने येऊ का" असं तू लिहिलंयस. ह्या प्रश्नाचं उत्तर मी याच पत्रात देणार आहे, पण आधी इकडची हकिकत ऐक.

शेजाऱ्यांची सभा झाली. वस्तीची एक संघटना असते, तिला चोनाइकाई म्हणतात. तिचे लोक तयार नसतील तर वॉर्ड ऑफिसात आपल्या अर्जाला कुणी विचारत नाही. हे काम पहिल्यापासून माझ्याकडे होतं. दर घरी भेट म्हणून टॉवेल घेऊन जायचं, वाकायचं, आम्ही अमुक करतोय, तुम्हाला त्रास होईल, माफ करा, असं म्हणायचं. त्रास व्हायच्या आधीच माफी मागायची. मला ही रीत आवडते. समितीतल्या कुणाला त्यात रस नव्हता, "ताई, तुम्हाला हे छान जमतं" म्हणून त्यांनी हात झटकले होते.

सभेत लोकांनी मोजून-मापून प्रश्न विचारले. फोडणीचा वास येईल का, सणाला ढोल वाजवणार का, आईबाप सायकली फुटपाथवर लावतील का. सलोनी जपानी-मराठी करायला उभी होती, पण तिची गरज फारशी पडली नाही. मीच बोलले. माझं जपानी बाजारातलं आहे, पण बाजार त्याच लोकांचा आहे. संघटनेचे अध्यक्ष ओत्सुका-सान ह्याच शाळेत शिकलेले. ते शेवटी उठले आणि म्हणाले, तलावाजवळचं चेरीचं झाड त्यांच्या वर्गानं लावलंय, ते कापू नका, बाकी आमची हरकत नाही. टाळ्या झाल्या. पद्मा, त्या टाळ्या मला होत्या. तू तिथे नव्हतीस.

मग ओत्सुका-सान मला "कोचो-सेन्सेइ" म्हणाले, म्हणजे मुख्याध्यापिका. मी काही बोलले नाही.

केदार रोज विचारतो, "ताई, पद्मिनी मॅडमचं काही कळलं?" मी सांगते, पत्र पाठवलंय. ते खरंच आहे.

तू इतक्यात येऊ नकोस. अर्जाची घाई आहे, तुझ्याकडे बघायला मला वेळ होणार नाही.

ताई


निशी-कसाई
१० जुलै

पद्मा,

आशीर्वाद-बिशीर्वाद आज राहू दे. आज मला सगळं सांगायचंय, आणि मधूनच थांबले तर पुन्हा कुकरच्या शिट्ट्या आठवतील.

मेमध्ये तुझा कॉल संपला त्याच संध्याकाळी समितीनं ठरवलं की मुख्याध्यापिका पद्मिनी मॅडम. एकमतानं. बावीस वर्षं शाळेत, त्यातली अकरा वर्षं शाळा चालवली, असं नाव अर्जात असलं की तपासणाऱ्यांना शंका घ्यायला जागा उरत नाही, असं केदार म्हणाला. "ताई, तुमच्या सख्ख्या बहीण आहेत, तुम्हीच विचारा ना," असंही म्हणाला. तुला विचारायचं ते हेच होतं. मी विचारलं नाही. बुरशी लिहिली, भूकंप लिहिला, तुझे चांगले गुडघे दुखवले. राजीनाम्याचं वाचलं तेव्हा माझ्या बहिणीची नोकरी गेली हे मनात आलं नाही, आता हिला कोण अडवणार, हे आलं.

आणि सभेचंही मी तुला अर्धंच सांगितलं. ओत्सुका-सान नुसतं कोचो-सेन्सेइ म्हणाले नाहीत. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "शाळेच्या प्रमुख तुम्हीच ना?" आणि मी म्हणाले, "हो, मीच." स्वच्छ जपानीत. समितीतल्या लोकांना ते समजलं नाही, ते टाळ्या वाजवत होते. सलोनीला समजलं. तिनं ते वाक्य मराठीत केलं नाही. घरी येताना सायकल हातात धरून माझ्या बाजूनं चालत राहिली आणि आमच्या बिल्डिंगखाली आल्यावर एकच शब्द बोलली, "उसो." म्हणजे खोटं. नंतर दोन दिवस माझ्याशी अक्षर बोलली नाही. मला तिचा राग आला आणि मग रडू आलं.

तुझा मी हेवा करते, पद्मा. आजचा नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मी शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवत होते. सदानंदची जपानची नोकरी पक्की झाली आणि मी निघाले. हेडबाईंना मीच सांगितलं, माझ्या जागी माझी बहीण घ्या, हुशार आहे. मला वाटलं होतं वर्ष-दोन वर्षांत परत येईन आणि तू ती जागा मला देशील. तू माझ्या खुर्चीवर बसलीस, माझ्या मुलांना शिकवलंस, मग सुपरवायझर झालीस, मग हेड. दर प्रमोशनला तू आधी मला फोन केलास. मी अभिनंदन म्हणायचे आणि फोन ठेवून भांडी आपटायचे. सदानंदला वाटायचं, मला पुण्याची आठवण येते.

तू काही चुकीचं केलं नाहीस. त्यामुळेच तर जास्त जळायला होतं. तू कधी एकदा तरी वाईट वागली असतीस तर मला किती सोपं झालं असतं.

शेवटी काल मी केदारकडे गेले आणि सांगितलं, पद्माला मी विचारलेलंच नाही, कारण मला स्वतःला मुख्याध्यापिका व्हायचं होतं. तो बघतच राहिला. "ताई, तुम्ही कधी बोललाच नाहीत," म्हणाला. खरं होतं. मी वाट बघत होते की कुणीतरी म्हणेल, मग मी आधी नको म्हणेन, मग त्यांनी आग्रह करायचा, मग मी हो म्हणायचं. आपल्याकडे असंच असतं ना? पण इथे कुणी आग्रह करायला आलंच नाही, सगळे मला सभेला चहा किती माणसांचा ते विचारत राहिले. केदार भला मुलगा आहे. म्हणाला, तुमचं नाव टाकायला समिती नाही म्हणणार नाही, पण मग अर्ज लंगडा पडेल. हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या मुलीची चित्रं भिंतीवर लावलेली होती, तिकडे बघत होता.

मी उठले आणि राइस क्रॅकर्सचा चांगल्यातला डबा घेऊन ओत्सुका-सानकडे गेले. त्यांना म्हटलं, मी त्या दिवशी खोटं बोलले, मुख्याध्यापिका मी नाही, पुण्याहून माझी धाकटी बहीण येणार आहे. त्यांनी डबा तसाच मांडीवर ठेवला आणि विचारलं, "त्या कशा आहेत?"

इथली एक रीत तुला सांगायला हवी. बाहेरच्या माणसासमोर आपल्या घरच्यांबद्दल बोलायचं तर त्यांना कमी लेखायचं. नवरा असो, मुलगी असो, भाऊ असो, 'आमची ती अजून कच्चीच आहे, सांभाळून घ्या' असंच म्हणायचं. बावीस वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही येईल. म्हणजे बघ, मनात होतं ते सगळं बोलायची आयती संधी होती, तीही चांगल्या वळणाची म्हणून. बहीण कच्ची आहे, एवढंच म्हणायचं, वाकायचं आणि घरी यायचं. वाक्य ओठांवर आलं होतं.

मी म्हणाले, "ती माझ्यापेक्षा चांगली शिकवते."

ओत्सुका-सान जरा गोंधळले. असं इथे कुणी आपल्या बहिणीबद्दल म्हणत नाही, त्यांना वाटलं असणार की हिचं जपानी घसरलं. मी पुन्हा तेच म्हटलं, सावकाश. मग ते हसले आणि त्यांनी डबा उघडून माझ्याच पुढे केला. म्हणाले, तुम्ही मात्र रोज दिसायला हव्यात, आम्ही तुम्हाला ओळखतो, त्यांना नाही.

मराठीत मला ते वाक्य अजूनही म्हणवत नाही. लिहिलंय तेवढं पुरे.

तर आता विचारते. येशील का? महिन्या-दोन महिन्यांसाठी नाही, शाळा काढायला. हो असेल तर लगेच फोन कर. अर्ज महिनाअखेर जायचा आहे आणि केदार तुझ्या प्रमाणपत्रांसाठी ताटकळून बसलाय. बुरशी खरी आहे, भूकंपही खरे आहेत, जिन्यांना मात्र लिफ्ट आहे. मनातलं गेलं असं समजू नकोस. तू आलीस, सगळे मॅडम-मॅडम करायला लागले की मी पुन्हा भांडी आपटणार आहे. इथल्या भिंती पातळ आहेत, तुला ऐकू येईल.

एक अट आहे. सकाळी फाटकाशी मी उभी राहणार. मुलं येतील तेव्हा आधी मला नमस्ते म्हणतील, ओत्सुका-सान फिरायला निघाले की मला वाकून पुढे जातील. आतली खुर्ची तुझी. ती दुसऱ्यांदा देते आहे, पण या खेपेला ती परत मिळेल या आशेवर नाही. फाटक मात्र माझं. ते तू मागायचं नाहीस, आणि मी दिलं तरी घ्यायचं नाहीस.

सलोनी आत्ता मागे उभी राहून वाचत होती. तिला एवढं मराठी वाचता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. "मावशी येणार?" असं तिनं मराठीत विचारलं.

मी हो म्हणाले. आता ते खरं करणं तुझ्या हातात आहे.

तुझीच, आणि तुझ्यावर जळणारी,
ताई