सेंदाईपलीकडची बोट

आबा, मी एक बोट बघायला गेले होते. जपानात. राहायची बोट, म्हणजे आत गॅस, झोपायला दोन फळ्या, संडास, सगळं. तुम्ही म्हणाल, जमीन संपली का तुमची? संपलीच होती. साथीचं पहिलं वर्ष. टोकियोत निशी-कसाईला ज्या हॉटेलात तुमचे जावई तंदूर सांभाळायचे ते बंद पडलं, आणि हॉटेलच्या वरची खोली आमची होती, तीही सोडायची होती. मी जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात तासांवर जायचे, तिथे तास निम्मे केलेले. जावई दिवसभर फोनवर बोटीत राहणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत बसायचे. साताऱ्याचा माणूस. पाणी म्हणजे विहीर. एक दिवस म्हणाले, "एक बोट हाय. सेंदाईच्या पुढं, बारक्या बंदरात. म्हातारा जवळजवळ फुकट देतोय. पोरगी तिथंच शिकती, अर्ध्या तासावर." मी म्हटलं, "तुम्हाला बसमध्ये उलटी होते." तर म्हणाले, "बस हालती. बोट बांधलेली असती."

बोट तपासणारा एक माणूस असतो इथे, पण साथीमुळे तो दुसऱ्या प्रांतातून यायला तयार नव्हता. जावई म्हणाले, "तपासणारा कशाला, तू हायेस की. होड्यावाल्याची लेक. तू हो म्हणालीस तर घ्यायची, नको म्हणालीस तर विषय संपला." हे त्यांनी चहा ओतता ओतता म्हटलं. मी हातातली बशी खाली ठेवली ते त्यांना दिसलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांना एवढंच माहीत की माझे वडील होड्या दुरुस्त करायचे आणि मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायचे. का जायचे ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तुम्हाला ऐकू येत नव्हतं, हे गावात फक्त मला माहीत होतं. तीस वर्षं फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेले कापसाचे पेळू ठोकून ठोकून तुमचे कान गेले. होडीवाल्याला कळलं असतं तर काम कुणी दिलं नसतं, कारण फळी चांगली की किडकी हे ठोकल्यावरच्या आवाजावरून कळतं. चांगली फळी खणखण बोलते, आतून पोखरलेली बद्द वाजते, फुटक्या माठासारखी. म्हणून तुम्ही मला चौथीतून उठवलंत. लोकांना सांगितलंत, पोर बारीक आहे, होडीच्या तळात शिरते, घाण काढायला बरी. मी तळात बसायची. मुशी माशाच्या तेलाचा तो वास, पाठीला घासणारं लाकूड, खाली चिखल. तुम्ही बाहेरून ठोकायचात, दोन भराभर आणि तिसरा जरा थांबून. मी ऐकायची आणि आतून मूठ आपटायची. एकदा म्हणजे चांगली, दोनदा म्हणजे किडकी. तुम्ही फळीवर तळहात ठेवून उभे असायचात, माझी मूठ हातानेच ऐकायचात. आपल्या दोघांचं हे कुणाला कळलं नाही. मला तेव्हा त्याचा गर्वही वाटायचा, ते खोटं कशाला बोलू.

तर गेलो आम्ही. हॉटेलची गाडी मागून घेतली, बाजूला हत्ती रंगवलेला आणि मागे टोकियोचा नंबर. त्या दिवसांत इथल्या लोकांना रोगाइतकीच टोकियोच्या नंबराची भीती. सरकारने बंदी अशी घातली नव्हती, नुसतं म्हटलं होतं की प्रांत ओलांडू नका, आणि इथे नुसतं म्हटलं की पुरतं. मी भाकऱ्या, पिठलं, पाणी सगळं बांधून घेतलं, म्हणजे कुठल्या दुकानात शिरायला नको. पेट्रोल भरायला थांबलो तर पंपावरचा पोरगा पुढे नीट वाकला, मागे गेला, नंबर बघितला आणि दोन पावलं सरकला. जावई म्हणाले, "हत्तीला बघून घाबरला." मी म्हटलं, "गप्प चालवा."

सेंदाईवरून गेलो तेव्हा पोरीचं वसतिगृह रस्त्यावरून दिसेल का म्हणून दोघंही एका बाजूला बघत होतो. तिथे टोकियोहून आलेल्या माणसाला भेटायची बंदी होती, आणि भेटलेल्या मुलीला दोन आठवडे खोलीत कोंडायचे. नर्सिंगच्या परीक्षा तोंडावर. म्हणून ती फोनवरूनच आमच्याबरोबर होती, दुभाषी म्हणून. पोटची पोर अर्ध्या तासावर आणि आम्ही तिला फोनच्या पडद्यावर बघतोय.

बोटीचा म्हातारा धक्क्यावर लांब उभा होता, दहा हातांवर, तोंडाला मास्क, हातात छत्री, पाऊस नसताना. त्याने किल्ली प्लास्टिकच्या पिशवीत घालून कठड्याला लटकवली होती, शेजारी हात धुवायच्या औषधाची बाटली. जावयांनी फोन उंच धरला, पोरगी बोलायला लागली. "आई, हे ओजीसान, आजोबा, म्हणतात गाडी शेडच्या मागे लावा. शेजाऱ्यांना नंबर दिसला तर त्यांना त्रास होईल." गाडी लावून आलो. "आई, ते म्हणतात बोट आतून लाकडाची आहे, वरून फायबरचं आवरण. ते आणि त्यांची बायको अठरा वर्षं हिच्यात राहिले. बायको आता हॉस्पिटलमध्ये आहे, भेटायला सोडत नाहीत." म्हाताऱ्याने मान वाकवली. आम्हीही वाकवली. जावयांनी पोरीला विचारलं, "तुला आवडंल का गं? रविवारी यायचीस जेवायला." पोरगी जपानीत काहीतरी म्हणाली आणि हसली. मला कळलं, आवडेल असं म्हणाली. जावयांचे डोळे भरले. तंदूरसमोर उभं राहूनही त्या माणसाच्या डोळ्यात मी कधी पाणी बघितलं नव्हतं.

मी त्यांच्या हातात हॉटेलातलं लाटणं दिलं. म्हटलं, पुढच्या टोकापासून सुरू करा, पाण्याच्या जरा वर, हातभर अंतराने ठोकत मागे या. मी आत जाते. ते म्हणाले, "आत कशाला? इथनं ऐकू येत न्हाई?" मी म्हटलं, "मला आतूनच कळतं." तळातली फळी उचलून मी खाली उतरले. पन्नाशीची बाई, गुडघे दुखतात, आणि तरी अंग अगदी बरोबर मुडपलं. मास्कमुळे माझा श्वास मलाच ऐकू येत होता. जावई ठोकायला लागले, जाडजूड, बेताल, पोळ्या लाटणाऱ्याचा हात. खण. खण. चांगली होती बोट. अर्ध्यापर्यंत तरी चांगली होती. मग ते थांबले. बाहेर पोरीशी काही बोलणं चाललं असेल. मी अंधारात मागच्या टोकाकडे सरकले, आणि तिथे ठोकलं गेलं. दोन भराभर, तिसरा जरा थांबून. बद्द.

मी कान फळीला लावला. पुन्हा. दोन, आणि एक. बद्द.

आबा, मी अकरा वर्षांची आहे. वैशाख आहे, ओहोटीला होडी चिखलात कलंडलीय, मी सकाळपासून तळात आहे, अंगावर पुरळ उठलंय. बाहेर पोरी करवंदं घेऊन आल्यात आणि मला हाका मारतात. एकच फळी राहिलीय, मागची. तुम्ही ठोकता. ती बद्द वाजते, स्पष्ट, माठासारखी. किडकी म्हटलं की फळी उपटायची, नवी बसवायची, म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथेच. मी मूठ एकदाच आपटते. तुम्ही तळहात काढत नाही. वाकून फटीतून विचारता, "नक्की?" मी ओरडते, "हो म्हटलं ना!"

नवव्या दिवशी ती होडी उघड्या समुद्रात उकलली. चौघं पोहत आले, होडी हाकणारा तांडेल नाही आला. त्याच्या बायकोने आपल्या दारात येऊन बांगड्या फोडल्या. काचा तुमच्या पायाशी उडाल्या आणि तुम्ही पाय मागे घेतला नाही. म्हणालात, "माझा हात चुकला." मी दाराआड उभी होते. मग मला एवढंच म्हणालात, "उद्यापासून घरी थांब." मारलं नाही, विचारलंसुद्धा नाही. तुम्हाला कुणी काम दिलं नाही त्यानंतर. पुढे पाच वर्षं तुम्ही दुसऱ्यांची जाळी शिवलीत आणि गेलात. मारलं असतंत तर बरं झालं असतं. विचारलं असतंत तर मी खोटंच बोलले असते, पण मग निदान तुम्हाला माहीत होतं का, हे मला कळलं असतं.

बोटीच्या तळात मी मूठ दोनदा आपटली. वर आले तर जावई पार पुढच्या टोकाला, लाटणं बगलेत, फोनवर पोरीला विचारतायत की बोटीत तुळस जगते का. म्हातारा होता तिथेच, दहा हातांवर. मी म्हटलं, "नको."

"का? कुठं?"

"मागे. किडकी आहे."

"मागं मी अजून ठोकलंच न्हाई."

मी म्हटलं, "मी आतून ठोकलं. आतून कळतं." ते लाटणं घेऊन मागे निघाले, "थांब, एकदा ठोकून बघू की." मी त्यांच्या हातातून लाटणं ओढलं. "माझ्यावर सोडलंय ना? मग नको म्हणजे नको. गाडीत बसा." पोरीने म्हाताऱ्याला काय सांगितलं कोण जाणे. तो बराच वेळ बोटीच्या मागच्या बाजूकडे बघत राहिला. मग पोरगी हळू म्हणाली, "आई, ते म्हणतात, बायको त्याच जागेवर झोपायची. अठरा वर्षांत कधी पाणी आलं नाही." आणि म्हाताऱ्याने कठड्यावर आमच्यासाठी वाळवलेल्या शेवाळाची पिशवी ठेवली, मागे सरकला आणि कमरेपर्यंत वाकला.

परतीच्या वाटेवर जावई गाडी चालवत होते. मी भाकरी पुढे केली, त्यांनी खाल्ली. सेंदाई आलं, गेलं. नंतर आम्हाला टोकियोच्या टोकाला सरकारी चाळीत दोन खोल्या मिळाल्या, ते भाज्या चिरायच्या कारखान्यात लागले. फोनमधले बोटींचे व्हिडिओ त्यांनी पुसून टाकले. मला एकदाही टोचून बोलले नाहीत. तुमच्यासारखंच. मला अशीच माणसं मिळतात, जी काही बोलत नाहीत.

ते ठोके कुणाचे होते ह्याची मी स्वतःला नाही नाही ती कारणं देऊन बघितली आहेत. दोरखंड आपटत असेल. शेजारची होडी घासत असेल. धक्क्याचं टायर. पण त्यांना तो ताल कुठून येणार? मग वाटतं, तुम्हीच होतात, लेकीला सांगायला आलात की ह्या वेळी तरी खरं सांग. रात्र बरी जाते मग. आणि सकाळी भांडी घासताना वाटतं, मला पाण्यावर राहायचंच नव्हतं. बोटीत पाय ठेवण्याआधीपासून नव्हतं. जे ऐकायचं होतं तेच ऐकलं असेल. अकरा वर्षांची असताना घरी जायचं होतं म्हणून किडकीला चांगली म्हटलं, आणि म्हातारपणाला टेकल्यावर भीती वाटली म्हणून चांगलीला किडकी. ह्यातलं कुठलं, ते सांगायला माझ्याशिवाय तिथे कुणी नव्हतं, आणि माझ्या शब्दाची किंमत तुम्हाला माहीत आहे.

गेल्या साली बंधनं सगळी उठलेली, आम्ही पोरीकडे गेलो होतो. ती आता तिथल्याच हॉस्पिटलात आहे. बापलेक बाजारात गेले. मी म्हटलं, देवळात जाऊन येते, आणि बसने त्या बंदराला गेले. बोट तिथेच होती. कुणीतरी निळी रंगवलीय. एक बाई दोरीवर टॉवेल टाकत होती. मी मागची बाजू बघत उभी राहिले, पाण्यात जरा तरी झुकलीय का, तसूभर तरी. सरळ होती, आबा. पाण्यावर ताट ठेवल्यासारखी सरळ. बाईने मला बघून हात केला. मी केला नाही. परतीची बस येईपर्यंत बघत राहिले.

हे पत्र तुम्हाला कुठे पाठवणार, आणि घरात ठेवलं तर जावयांना मराठी वाचता येतं. वाचून झालं की जाळायचं म्हटलं तर चूल नाही इथे, पण कचऱ्याचा वार उद्याच आहे, जळणाऱ्या कचऱ्याचा.

देवळात गेले होते असं मी घरी खोटं सांगितलं, ते एक. आणि दुसरं असं की बसमध्ये बसल्यापासून मी मनात धरलं होतं की तिथे नुसतं पाणी असेल. बोट तरंगताना दिसली तेव्हा मला वाईट वाटलं.